बेबीताईंचा बर्फ

बेबीताईंच्या दुकानात गादी घ्यायला आलेल्या माणसाला त्या आधी झोपायला लावत. गिऱ्हाईक वकील असो, मास्तर असो, नाहीतर लग्न ठरलेल्या मुलीचा बाप असो, "चपला काढा अन् झोपा," हे पहिलं वाक्य. समोर चहाची टपरी, रस्त्यावर वर्दळ, आणि हा भला माणूस भर दुपारी छताकडे बघत आडवा. संकोचून तो कुशीवर वळला की ताई म्हणत, "तसे नाई. घरी जसे झोपता तसे झोपा. घोरलं तरी चालते." मग त्याच्या कमरेखाली पंजा सरकवून बघत. पंजा सहज आरपार गेला तर गादी कडक, अडकून बसला तर मऊ. नवरा वारल्यावर त्यांनी दुकान हाती घेतलं तेव्हा आमची गल्ली या पंज्याबद्दल पुष्कळ बोलली. परक्या पुरुषांच्या पाठीखाली हात घालते म्हणाली. पुढे त्याच गल्लीतली माणसं ओळीने तिथे झोपून गेली.

त्या गेल्या त्याला आता वर्ष होईल. अकोल्यात त्यांच्या दुकानासमोर, वरच्या मजल्यावर मी राहते. सरकारी कचेरीत नोकरी, नवरा कामासाठी मेळघाटात धारणीला, शनिवारी येणार. त्यामुळे संध्याकाळी मी त्यांच्या पायरीवर बसायची. त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्यांच्या बर्फाबद्दल लिहावं लागतं, आणि बर्फाबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दल थोडं खरं सांगावं लागतं. इतकी वर्षं टाळलं. आता टाळून कोणाचं काय राखायचं आहे?

दिसायला त्या ठेंगण्या, रुंद, केसात कायम कापसाचा एखादा तंतू. हाताला येईल ते दाबून बघायची सवय. भाजीबाजारात वांगी दाबत, बसमध्ये सीट दाबत, कोणाचं बाळ मांडीवर घेतलं तर त्याचं ढुंगणही दाबून म्हणत, "भरलं हाय." माणसांच्या बोलण्याचंही तेच. एकदा एक बाप मुलीच्या रुखवतासाठी गादी ठरवायला आला. म्हणाला, वरून साटीन झगझगीत पाहिजे, आत काही भरा, कोण उसवून बघतं. ताईंनी सुई ठेवली. "भाऊ, पोरगी देऊन राह्यले का पोतं देऊन राह्यले? तिच्या पाठीले समजन ना, बापानं आत काय भरलं ते." तो माणूस चपला घालून गेला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला आणि दोघं ओळीने झोपून बघून गेले.

एका श्रावणात ताई न्हाणीघरात घसरून पडल्या. मी कचेरीतून येईपर्यंत तशाच पडून होत्या. मनगट मोडलं होतं. त्यांचा मुलगा अविनाश पुण्याहून धावत आला. मुलगा वाईट नाही. पण त्या दिवसापासून त्याचं एकच वाक्य सुरू झालं: "आई, तू आता एकटी राहू शकत नाहीस." प्लास्टर निघालं तरी वाक्य निघालं नाही. शेवटी ठरलं, की गुढीपाडव्याला दुकान बंद करायचं आणि ताईंनी पुण्याला जायचं. ताई हो म्हणाल्या. आधी मात्र त्यांना एक गोष्ट करायची होती.

ती गोष्ट दुकानात आली फौजी गणेशच्या फोनमधून. गल्लीतलाच पोरगा, सुटीवर आला होता, आईसाठी रजई शिवायला टाकायची होती. त्याने बर्फाची चित्रफीत दाखवली. पायाला लांब पट्ट्या बांधून माणसं उतारावरून घसरत होती. मला ती घसरणारी माणसं दिसली. ताईंना कडेची दिसली.

"हे काहून पडून राह्यले सारे?"

"शिकाऊ आहेत काकू. पहिल्या दिवशी पडायलाच शिकवतात. मग उठायला."

"पडाले शिकवते?" ताईंनी फोन हातात घेतला. "अन् पाह्य ना मंदे, पडून हासून राह्यले."

त्या रात्री त्यांनी मला काही सांगितलं नाही. चार दिवसांनी सांगितलं, तेही गादीला टाके घालता घालता. "मी जाऊन राह्यली बर्फावर. फेब्रुवारीत. तिकडं हिमालयात, औलीले. तू बी चाल."

मला वाटलं, बर्फ बघायला. बर्फ बघायला लोक जातात, शाल पांघरून फोटो काढतात, येतात. ताई म्हणाल्या, "पाहाले काय जायचं? कापूस रोज पाह्यतो मी. त्याच्यावरून घसरायचं हाय." अविनाश फोनवर बराच वेळ बोलला. अखेर त्याने अट घातली: सोबत कोणी असेल तरच, नाही तर नाही. ताईंनी फोन माझ्या कानाला लावला. मी म्हणाले, "मी आहे ना." हे तीन शब्द मी इतक्या सहज बोलले, की आजही लाज वाटते.

मग तयारी. शिकाऊ वर्ग चालवणाऱ्या माणसाला ताईंनी स्वतः फोन लावला. त्यांची हिंदी म्हणजे वऱ्हाडीला टोपी घातलेली.

"भैया, हमारे यहाँ उतार नहीं है। सब सपाट है। चलेगा क्या?"

तिकडून तो हसला असावा. चलेगा, म्हणाला. पट्ट्या आणि बूट तिथे भाड्याने मिळतात, आणू नका. डॉक्टरांना गुडघे दाखवून या. उंचीची सवय व्हायला एक दिवस आधी या. मांड्या घट्ट करा, रोज बैठका मारा. वय विचारल्यावर ताईंनी खरं सांगितलं, आणि वर विचारलं, "उसके ऊपर का कोई आता क्या?" तो म्हणाला, येतात, पण शिकायला नाही, गरम कपड्यात बसून चहा प्यायला. ताई म्हणाल्या, "चाय हमारे घर भी है।"

तेव्हापासून दुकानात बैठका सुरू झाल्या. गिऱ्हाईक गादीवर आडवं, आणि ताई लोड छातीशी धरून खाली-वर, खाली-वर. "तुमी झोपा, माह्याकडं लक्ष देऊ नका." माझ्या घराचे जिने त्या दिवसातून कितीदा तरी चढत-उतरत. गणेशने सांगितलं होतं, की वेग कमी करायला पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि टाचा लांब करायच्या. तिकडे त्या आकाराला पिझ्झा म्हणतात. ताईंनी समोसा केलं. कपाटातून काही काढायला गेल्या तरी समोशात उभ्या.

उतार मात्र अकोल्यात कुठून आणायचा? तो ताईंनी शोधला. शहराबाहेर कापसातली सरकी काढणारं एक जिनिंग होतं, तिथून त्यांचा कापूस यायचा. हंगामात तिथल्या आवारात कापसाच्या गंजी लागतात, दुमजली घराएवढ्या, पांढऱ्याशुभ्र. एका दुपारी ताई मला घेऊन तिथे गेल्या. पायाला पलंगाच्या दोन पट्ट्या सुतळीने बांधल्या, हातात मच्छरदाणीचे बांबू. शिडीने गंजीवर चढल्या, समोसा केला आणि निघाल्या. निघाल्या म्हणजे खाली निघाल्या. कमरेपर्यंत आत. बाहेर यायला धडपडल्या तशा छातीपर्यंत.

गंजीभोवतीच्या बाया काम टाकून जमल्या. एकीने विचारलं, "काय करून राह्यल्या व बेबीबाई, पोहून राह्यल्या का?"

"बर्फावर जायची तालीम हाय."

"बर्फ तं थंडा असते. कापूस आतून गरम असते."

"हो न व. लई गरम हाय," आतून ताई म्हणाल्या. "बसून राहावं वाटते."

सगळ्या हसल्या. ताईही हसल्या, केसांत सरकी, तोंडावर तंतू. पुन्हा शिडीने चढल्या, पुन्हा रुतल्या. मी खाली त्यांच्या चपला घेऊन उभी होते. एका बाईने मला विचारलं, "तुमी नाई का पोहत?" आणि मी हसले. पण ताईंबरोबर नाही, त्या बायांबरोबर हसले. जणू मी नुसती चपला सांभाळायला आलेली कोणी होते. ताईंनी ते पाहिलं की नाही मला माहीत नाही.

कपड्यांच्या बाबतीत तर त्यांनी कोणाचंच ऐकलं नाही. गणेश सांगत होता, काकू, आतून लोकर घाला, वरून पाणी शिरणार नाही असं काहीतरी घाला, कापूस अजिबात नको, ओला झाला की जड होतो. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. कापसावर ज्यांचं घर उभं राहिलं, ज्यांच्या माहेरच्या काळ्या रानात कापसाशिवाय काही पिकलं नाही, त्या बाईला हा पोरगा कापूस नको म्हणत होता.

"तुह्या बंदुकीतलं मी तुले सांगतो का?" त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी दोन पोशाख शिवले. एक त्यांचा, एक माझा. अंगरखा आणि पायजमा. आत मांजरपाटाचं अस्तर, मधे पिंजलेला कापूस, वरून गडद निळं कापड, आणि त्यावर रजईसारखे चौकोनी टाके, इतके सरळ की पट्टीने आखावेत. शिवून झाल्यावर भर दुपारी तो घालून त्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. अकोल्याच्या हिवाळ्यातलं ऊन काही कमी नसतं. घामाने निथळत दुकानात परतल्या आणि समाधानाने म्हणाल्या, "इथं इतका घाम आला म्हंजे तिथं थंडीची काय बिशाद."

माझा पोशाख मी घरी नेला. दार लावून आरशासमोर घातला. आरशात डोकं असलेला एक लोड उभा होता. मी बराच वेळ बघत राहिले. जिनिंगमधल्या बाया आठवल्या, त्यांच्या जागी परक्या गावची शंभर माणसं आली. मला थंडीची भीती नव्हती, पडण्याचीही नव्हती. मला हसतील याची होती. जन्मभर मी एवढ्याच भीतीने वागले आहे, हे मला त्या आरशासमोर कळलं, आणि कळूनही मी काही केलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी निरोप पाठवला, की माझी कंबर धरली आहे.

ताई लगेच जिना चढून आल्या. मी पलंगावर पालथी झाले होते. काठाशी बसून त्यांनी माझ्या पाठीवर पंजा ठेवला.

"कुठं दुखते?"

"खाली."

त्यांनी दाबलं. "इथं?"

"हो."

हात जरा सरकला. "अन् इथं?"

"तिथंही."

पंजा थोडा वेळ तसाच राहिला. हजारो पाठी त्या हाताखालून गेल्या होत्या. मग त्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाल्या, "अविनाश पोचवाले आला हाय. सकाळी स्टेशनवर तू नाई दिसली तं तो मले घरी परत आणन. बडनेऱ्यापर्यंत बसता येईन ना तुले?"

मी मान हलवली.

"मंग बडनेऱ्याले उतर. अमरावतीले तुही बहीण हाय, तिच्याकडं राह्य. मी जातो समोर."

"एकट्या?"

"आता दुसरं कोन हाय?" त्या म्हणाल्या, रागाने नाही. पायजम्याला गाठ मारावी तशा आवाजात.

सकाळी मी जिना उतरताना कंबरेवर हात ठेवला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "हात काढ. पोरासमोर सरळ चाल." मी सरळ चालले. पूर्ण फलाट, हातात बॅग घेऊन. एकदाही कळ आली नाही. ताई मागून येत होत्या. पाठ माझी होती, आणि ती त्या बघत होत्या, हे मला चालताना कळत होतं. अविनाशने खिडकीबाहेरून हात जोडले. "काकू, तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे."

बडनेऱ्याला मी उतरले. ताई दारापर्यंत आल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "कंबर जप."

मग ते दिवस मी अमरावतीत काढले, बहिणीच्या गच्चीवर, तुरीच्या शेंगा सोलत. अविनाशचा फोन रोज येई. "काकू, आई कशी आहे?" मी म्हणायची, आत्ताच वर गेल्यात. "थंडी फार आहे का?" फार आहे, मी म्हणायची, आणि पदराने मानेवरचं ऊन झाकायची. खोटं बोलायला मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

ताईंचा फोन संध्याकाळी येई, दम लागलेला. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मंदे, आपला कापूस इथं फेल."

"म्हणजे?"

"पडली ना मी. एकदा, दोनदा, मंग मोजलं नाई. अंगरख्यानं सारं पाणी पेलं. उठाले गेली तं मी नाई उठली, मी अन् एक ओली गादी, दोघी उठलो. दोन पोरं लागले ओढाले." त्या इतक्या हसत होत्या की पुढचं कळेना. "तो गणेश खरं सांगत होता. त्याले फोन करून सांगतलं मी, बाबा, चुकली तुही काकू."

चूक कबूल करायला त्यांना एक फोन लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथला भाड्याचा कोट घेतला. अंगरखा शेगडीपाशी वाळवून बाकावर अंथरला, आणि वर्गातली सगळी पोरं आळीपाळीने त्यावर बसू लागली. दिल्लीची कॉलेजातली पोरं त्यांना नानी म्हणत. पुढच्या दिवशी त्यांनी मला उठायचं कसं ते शिकवलं, फोनवर: आधी पट्ट्या उताराला आडव्या करायच्या, घाई करायची नाही, मग गुडघे पोटाशी घ्यायचे. "उभ्या पट्ट्या ठेवून उठली की गेलीच समज." शेवटच्या दिवशी त्या लहान उतारावरून न पडता खाली आल्या. थांबायला मात्र जमलं नाही, शिकवणाऱ्या सरांना घेऊन आडव्या झाल्या. "त्यायले लागलं नाई. खाली मी होती, मऊ."

परतीची गाडी नागपूरकडून बडनेऱ्याला आली तेव्हा मी फलाटावर बॅग घेऊन उभी होते. डबा शोधला, आत गेले, आणि पहिल्यांदा ओळखलंच नाही. बर्फावरच्या उन्हाने ताईंचा चेहरा तव्यासारखा झाला होता, डोळ्यांभोवती चष्म्याचे दोन पांढरे गोल. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुह्यं तोंड पाह्य. पिठासारखं. आता अविनाशले काय सांगायचं?"

"सांगू, मी खोलीतच बसून होते."

"हो. कंबर होती ना." त्यांनी डबा उघडून मला कुठलासा सुका मेवा दिला. मग माझी तयारी घेऊ लागल्या. हॉटेलला किती मजले, वर जायला कसला पाळणा, जेवणात काय. मी पाठ केलं. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा मी तिसऱ्यांदा चुकले. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "राहू दे."

अकोल्याला अविनाश फलाटावर होता. त्याने आईचे पाय धरले, बॅगा घेतल्या, चेहरा बघून हसला, आणि माझ्याकडे वळला. "काकू, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही होतात म्हणून."

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं.

"ती नव्हती," ताई म्हणाल्या. "जातानी बडनेऱ्याले उतरली. आता बडनेऱ्याले चढली. मी एकटीच गेली होती."

अविनाश हातात बॅगा घेऊन उभा राहिला. आजूबाजूने माणसं धक्के देत जात होती.

"आई, अगं, काही झालं असतं म्हणजे?"

"झालं ना. लई झालं. दिवसातून किती वेळा पडली त्याचा हिशेब नाई."

"मग?"

"मंग काय? उठली." त्यांनी पदर खांद्यावर ओढला. "आता तुह्या पुण्याचं काय ते घरी जाऊन बोलू. दुकान पाडव्याले बंद होनार नाई."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी लिहीत नाही, मला ते चांगलं माहीत आहे. ताईंनी ते पाहिलं आणि मध्येच म्हणाल्या, "तिले बोलू नको. तिची कंबर धरली होती. मी सोता दाबून पाह्यली."

जिच्या हाताने कधी खोटी साक्ष दिली नाही, तिने ती माझ्यासाठी दिली. मी ती घेतली. त्या क्षणी "नाही ताई" म्हणता आलं असतं, आणि पुढे पायरीवर बसलेल्या प्रत्येक संध्याकाळी म्हणता आलं असतं. दुकान त्या असेपर्यंत चाललं, तशा संध्याकाळी पुष्कळ आल्या. मी म्हटलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

शेवटी दवाखान्यात त्या खूप बारीक झाल्या होत्या. ते रूप मला आठवायला हवं, पण आठवत नाही. डोळ्यासमोर येतो तो त्या दिवशीचा स्टेशनवरचा जिना. ताई पुढे, साडीवर पांढरे खेळाचे बूट, दोन्ही हात मोकळे, कठड्याला न शिवता भराभर वर चढतायत. तोंड काळं, मान ताठ, मागे कोण आहे याची फिकीर नाही. मधे अविनाश, बॅगा सांभाळत त्यांना गाठायला बघतोय. तो दोनदा मागे वळला. म्हणून सगळ्यात खाली मी, एक हात कंबरेवर ठेवून, दुसऱ्याने कठडा धरून, एकेक पायरी चढत होते.